चहातले औषध

दिनांक १४ मार्च, शुक्रवार. या दिवशी सकाळी एका विमा कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर टेबलाटेबलांवर पोचवलेला चहा जसाच्या तसा परत आला. कपांवर साय धरली होती. एकानेही तोंड लावले नव्हते, आणि का लावले नाही हे चहा करणाऱ्या बाईला एकानेही सांगितले नाही. तक्रार न पिण्याची नाही. चहा नाकारण्याचा हक्क ज्याला त्याला आहे. तक्रार न सांगण्याची आहे. ती येथे नोंदवून ठेवली जात आहे, कारण त्या कचेरीत खिडकीच्या तडकलेल्या काचेचीसुद्धा नोंद होते आणि हिची झालेली नाही.

ती बाई म्हणजे मावशी. त्यांचे खरे नाव हजेरीपटाखेरीज कुठे उरले नव्हते. ठेंगण्या, ताठ कण्याच्या, चष्म्याच्या काडीला काळा दोरा बांधलेल्या. पॅन्ट्री म्हणून त्यांना जी जागा मिळाली होती, ती खरे पाहता जिना आणि फायलींची खोली यांच्यामध्ये उरलेली फट होती. त्यात एक शेगडी, एक मोरी आणि भिंतीला एक उंच फळी. उभे राहिले तर पाठ भिंतीला लागे आणि वळले तर कोपर किटलीला. तरीही सोमवारी सकाळी त्या फटीत माणसे अंग चोरून उभी राहत, आणि ती चहासाठी नव्हे. रविवारी घरी पाहिलेल्या चित्रपटाबद्दल मावशींचे मत काय, हे ऐकायला ती येत.

रविवारी दुपारी नात झोपली की मावशी आणि त्यांची सून टीव्हीपुढे बसत. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवी आणि घरी पाहुण्यासारखा येई. अशाच एका खेपेला त्याने टीव्हीवर चित्रपटांची सोय करून दिली होती. "दोघी एकमेकींशी भांडण्यापेक्षा त्यातल्या माणसांशी भांडा," असे तो म्हणाला होता. त्यांनी दोन्ही सुरू ठेवले.

मावशींचे मत आखूड असे. भुताच्या चित्रपटाबद्दल त्या म्हणाल्या होत्या, "भूत चांगलं होतं हो. वेळेवर यायचं, काम करून जायचं. घरातली माणसंच बिनकामाची." प्रेमकथेबद्दल म्हणाल्या, "ती दोघं पुलावर भेटली तेव्हा मी उठले, कपडे वाळत घातले, नळ बंद केला, परत येऊन बसले. अजून भेटतायत." एरवी त्यांची मापे चहाचीच होती. एखाद्या चित्रपटात पाणी जास्त असे, एखाद्याला शेवटपर्यंत उकळीच येत नसे, आणि जुनीच गोष्ट नव्या नटांना घेऊन केली असेल तर त्यावर सर्वांत वाईट शेरा पडे, 'दोनदा गरम केलेला'. पडद्यावर कुणी चहा पिऊ लागले की त्या पुढे सरकून बसत. "कप रिकामा आहे बघ त्याचा," त्या सुनेला सांगत. "मनगट बघ. भरलेला कप असा हलका उचलतं का कुणी? इथे खोटं बोलतो तो पुढे रडताना काय खरं रडणार?"

हिशेब विभागातल्या ताई या मतांच्या पहिल्या गिऱ्हाईक. हसता हसता त्यांना फळीचा आधार घ्यावा लागे. विभागाचे साहेबही अधूनमधून दारात डोकावत.

"काय मावशी, बघू का हा?"

"बघा की साहेब. पण पहिला अर्धा सोडून. तो तुमच्या मीटिंगसारखाच आहे, सगळे बसलेत आणि काही होत नाही."

साहेब मोकळेपणी हसत. त्या मजल्यावर साहेबांना असे बोलू शकणारी व्यक्ती एकच होती आणि ती चहा करत होती.

आता औषधाचे. काही महिन्यांपूर्वी साहेबांना गोड बंद झाले होते. त्यांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, साखरेऐवजी घालायच्या बारीक गोळ्यांची एक पांढरी डबी मावशींच्या हाती आणून दिली. डबीवरचे लांबलचक नाव कुणाच्याच जिभेवर बसेना. दुखण्याचा गवगवा साहेबांना नको होता. ते म्हणाले, "आपण आपलं औषध म्हणू." तेव्हापासून रोज सकाळी कप पुढे येताना हलक्या आवाजात विचारणा होई.

"औषध टाकलंत?"

"टाकलं, साहेब."

त्याच फळीच्या दुसऱ्या टोकाला एक पत्र्याचा डबा होता. त्यात मुंग्यांचे औषध असे. आपल्या भाषेचा हा जुना गुण आहे. जे जगवते तेही औषध आणि जे मारते तेही औषध. मुंग्यांचे, उंदरांचे, पिकावरच्या किडीचे. 'त्यानं औषध घेतलं' एवढेच कुणी म्हटले, तर ऐकणारा आधी सांगणाऱ्याचा चेहरा पाहतो. मावशींना हे ठाऊक नव्हते असे नाही. रोजच्या बोलण्यातला शब्द कुणी असा उलटून पाहत नाही, इतकेच.

त्या आठवड्यातल्या सोमवारी मत मांडले गेले ते एका खुनाच्या चित्रपटाचे. श्रीमंत घर, तऱ्हेवाईक नवरा, गप्प बसणारी बायको, आणि बायको एके सकाळी नवऱ्याच्या चहात विष घालते.

"बाकी सगळं जमलंय," मावशी गाळणी झटकत म्हणाल्या. "पण त्या बाईनं औषध टाकलं ते बघवलं नाही मला. वरून भुरभुरवलं, चमच्यानं टणटण ढवळलं, आणि तो चमचा तसाच बशीत! घरातल्या मांजरालासुद्धा कळलं असतं."

"मग तुम्ही कसं केलं असतं?" ताईंनी विचारले.

"मी? मी आधी माणूस बघितला असता. तिचा नवरा कसा, घोट घोट घेणारा, दर घोटाला तोंड वाकडं करणारा. असल्याला चहातून देऊच नये. आपल्या साहेबांसारखा असेल तर गोष्ट वेगळी. ते एका दमात पितात. त्यांच्या चहात औषध टाकलं काय, न टाकलं काय, कप ठेवेपर्यंत कळायचं नाही."

ताईंना हसू आवरेना. नेमके त्याच वेळी फायलींच्या खोलीतून आवक-जावकचा कारकून बाहेर पडत होता. सारी कचेरी पाठीमागे त्याला दवंडी म्हणे, आणि त्याला ते ठाऊक होते, आणि त्याला ते आवडत असे. चित्रपटाचा विषय त्याच्या कानी आला नव्हता. आले ते शेवटचे वाक्य. त्या दिवशी तोही हसला, कारण ताई हसत होत्या.

गुरुवारी साहेबांनी चहा घेतला, एका दमात. कप ठेवला, फाइल उचलून उभे राहिले आणि पोटावर हात दाबून दारापाशीच खाली बसले. चेहरा घामाने निथळला. कुणी पाणी आणले, कुणी टाय सैल केला, कुणी पाणी पाजू नका म्हणून ओरडले. रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण त्या घडीला फांदीकडे कुणी पाहिले नाही. सगळ्यांनी कावळा पाहिला.

आणि मावशींनी काय केले? जे त्या रोज करत तेच. टेबलावरचा रिकामा कप उचलला आणि धुऊन पालथा घातला. धीर सुटू लागला की त्या भांडी घासत, नवरा गेला त्या दिवशीही घासली होती. दवंडीने फायलींच्या खोलीच्या दारातून ते धुणे पाहिले. या खेपेला तो हसला नाही.

शुक्रवारी कप परत आले.

मावशींना वाटले, दूध नासले असावे. त्यांनी चाखून पाहिले. चांगले होते. साखर विसरली असावी म्हणून आणखी एक घोट घेतला. ठीक होता. तेवढ्यात त्यांची नजर वर गेली. मजल्याच्या त्या टोकाला, काचेपलीकडे, पाच-सहा माणसे आपापल्या टेबलापाशी उभी राहून त्यांना चहा पिताना पाहत होती. त्यांची नजर भिडताच सगळी एकदम खाली बसली. ताईसुद्धा. मावशींनी हातातला कप खाली ठेवला. भीती कशाची हे अजून समजले नव्हते, पण भीती आधी आली आणि कारण मागाहून.

दुपारी प्रशासनाच्या मॅडमनी त्यांना आत बोलावले. मॅडम वाईट बाई नव्हत्या. खालून आलेले काम वर, आणि वरून आलेले खाली, सुरळीत पोचवावे, एवढ्यासाठीच त्या जगत. दवंडी खुर्चीच्या बाजूला उभा होता.

"बसा मावशी. साधं विचारतेय, मनाला लावून घेऊ नका. साहेबांच्या चहात तुम्ही वेगळं काही घालत होतात का?"

"नाही हो मॅडम. सगळ्यांचा चहा एकाच किटलीतला." मग खरे बोलायचे म्हणून मावशींनी पुढचे सांगितले. "फक्त औषध तेवढं."

मॅडमनी दवंडीकडे पाहिले.

"कसलं औषध?"

"पांढरं. डबीतलं."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"वहिनींच्या. त्यांनीच आणून दिलं."

"आणि हे कुणाला ठाऊक होतं?"

"कुणालाच नाही. कुणाला सांगू नका म्हणाले होते ना."

"कोण म्हणालं?"

"साहेब."

बोलता बोलताच मावशींना स्वतःचे शब्द ऐकू येऊ लागले. प्रत्येक उत्तर खरे होते आणि दर उत्तरागणिक समोरची खुर्ची दूर सरकत होती. त्या घाईघाईने म्हणाल्या, "अहो, साखरेच्या गोळ्या त्या! म्हणजे साखर नसलेल्या!"

"सोमवारी तर वेगळंच म्हणत होतात," दवंडी म्हणाला. "साहेब एका दमात पितात, औषध टाकलं तरी कळायचं नाही. मी या कानांनी ऐकलंय."

"ते पिक्चरचं होतं!"

"पिक्चरमध्ये आपले साहेब होते का?"

"ताईंना विचारा. ताई होत्या तिथे."

ताईंना बोलावले गेले. त्या दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. "पिक्चरचाच विषय चालला होता," त्या म्हणाल्या. थोडे थांबून म्हणाल्या, "म्हणजे, मला तरी तसंच वाटलं."

मला तरी तसंच वाटलं. या चार शब्दांनी मावशींच्या पायांखालची जमीन काढून घेतली. ताई खोटे बोलल्या नव्हत्या. त्या फक्त अर्धे पाऊल मागे सरकल्या होत्या.

मॅडमनी वहिनींना फोन लावला; उचलला गेला नाही. मग पांढरी डबी लिफाफ्यात घातली गेली. मुंग्यांचा डबाही गेला. पॅन्ट्रीला कुलूप लागले. मॅडम म्हणाल्या, "आता घरी जा. बोलावू तेव्हा या."

घरी आल्यावर मावशींनी सुनेला सगळे सांगितले. ती आधी खळखळून हसली. "आई, तुम्ही? तुम्ही झुरळाला चप्पल मारायच्या आधी त्याला 'सरक' म्हणता!" मावशीही हसल्या. हसता हसता त्यांच्या लक्षात आले की आपण दाराकडे पाहतो आहोत.

कचेरीतून कुणी आले नाही. फोन वाजला नाही. हाच खरा मार होता. कुणी येऊन दरडावले असते तर उत्तर देता आले असते. पण 'बोलावू तेव्हा या' याला काय उत्तर देणार? मावशी दिवसभर जिन्यावरची पावले ओळखत बसत. वरच्या मजल्यावरची शिक्षिका टाचा घासत येई, समोरचा शिंपी दर पायरीला उसासा टाकी. एकदा अनोळखी जड पावले दाराशी थांबली. मावशींनी घाईघाईने लुगडे नीट केले, चष्मा पुसला, नातीला आतल्या खोलीत ढकलले. पोलीस आले तर पोरीने पाहू नये. दारात विजेचा मीटर बघणारा होता.

"आजी, मीटर कुठेय?"

मावशींनी बोटाने दाखवला. तो आकडा टिपून निघून गेला आणि त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या. पाचावर धारण बसणे म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळले.

पण पोलिसांच्या भीतीपेक्षा मोठी भीती आतून आली. ती हळूहळू आली, डोळे मिटून पडले असताना, किंवा नळाखाली भांडे धरले असताना.

गुरुवारी सकाळी नक्की काय झाले होते?

मावशींना पाहिलेला कुठलाही चित्रपट प्रसंगामागून प्रसंग सांगता येई. कोण कुठल्या दाराने आला, कुणी काय नेसले होते. पण गुरुवारची सकाळ आठवू पाहावी तर सगळे दिसे, हात तेवढा दिसत नसे. किटली दिसे. साहेबांचा निळ्या काठाचा कप दिसे. खालच्या मजल्यावर कुणीतरी मोठ्याने हाक मारली होती, ती ऐकू येई. हाकेला ओ देताना मान वळली होती. आणि मान वळलेली असताना हात फळीवर गेला होता. फळीच्या कुठल्या टोकाला?

त्यांनी तो प्रसंग मागे नेला आणि पुन्हा पाहिला. हात डबीकडे गेला. पुन्हा पाहिला. हात पत्र्याच्या डब्याकडे गेला. डब्याला झाकण घट्ट होते, ते दोन हातांशिवाय निघत नाही. पण त्या दिवशी झाकण नीट लागलेले होते ना? गोळी आणि भुकटी यांत फरक आहे, बोटांना कळणारच. पण गोळ्या तळाशी चुरलेल्या असत, त्यांचीही भुकटीच होई. दर वेळी चित्र नवे. हजारदा केलेले काम असे असते, ते हात करतात आणि डोक्याला कळवत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मावशींना वाटू लागले की दवंडीला जे ठाऊक आहे ते आपल्यालाच ठाऊक नाही.

घरातले सगळे डबे त्या हुंगू लागल्या. मीठ चाखून मगच मीठ म्हणत. साखर घालताना मोठ्याने 'साखर' म्हणत. सून बघत होती.

मग ती सकाळ आली. सून न्हाणीघरात होती. नात भुकेने कुरकुरू लागली, म्हणून मावशींनी दूध गरम केले, पेल्यात ओतले, फुंकर घातली. पेला पोरीच्या ओठांशी नेला तेवढ्यात सून ओल्या केसांनी, निथळत्या अंगावर टॉवेल गुंडाळून धावत आली. तिने पेला मावशींच्या हातातून घेतला आणि आधी स्वतः एक घोट प्यायली.

"गरम आहे का बघत होते," ती म्हणाली.

नात जन्मल्यापासून मावशींच्या हातचे दूध तिने कधी तपासले नव्हते. दोघींनाही ते ठाऊक होते. पोरीने पेल्यासाठी हात पुढे केले होते. सुनेच्या केसांतून पाणी टपटपत होते.

"आई, तसं नाही," सून म्हणाली. "तसं काही नाही हो. तुम्हीच हल्ली... मला वाटलं, तुम्हाला बरं वाटत नाही, विसरून काही..."

"बरोबर केलंस," मावशी म्हणाल्या. त्यांना खरोखरच तसे वाटत होते, आणि तेच भयंकर होते. त्यांनी चपला घातल्या.

"कुठे निघालात? थांबा, मी येते."

"नको. पोरीला दूध पाज. मी विचारून येते."

"कुणाला?"

"ज्यांनी प्यायला त्यांना."

रुग्णालयाच्या व्हरांड्यात फिनेलचा वास होता. तोही मावशींच्या नाकाला औषधाचाच वाटला. साहेबांच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. आत जावे तर साहेब काय म्हणतील? न जावे तर उरलेला जन्म तो हात पाहत काढावा लागेल. आत साहेब आहेत की नुसती खाट आहे, एवढेही त्यांना ठाऊक नव्हते. कुणी सांगितलेच नव्हते. त्यांनी डोळे मिटले आणि दार ढकलले.

"अहो, मावशी!" साहेब उशीला टेकून बसले होते. चेहरा उतरला होता, पण आवाज तोच होता. "या, या. बघ गं, कोण आलंय."

वहिनी खिडकीपाशी फळ कापत होत्या. मावशी पुढे गेल्या नाहीत. त्यांनी दारातूनच हात जोडले.

"साहेब, एक विचारू? खरं सांगा. त्या दिवशी चहात काय होतं?"

"चहात? चहाच होता की!"

"चव वेगळी लागली का? कडू? खारट?"

"मावशी, मला पित्ताशयात खडे झाले होते. वर्षानुवर्षं साठलेले. डॉक्टरांनी काढून बाटलीत भरून दिलेत, हवे तर बघा. तुमच्या चहाचा काय संबंध?"

मावशी दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. वहिनींनी सुरी खाली ठेवली.

"पण हे तर मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या. "शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या मॅडमचा पुन्हा फोन आला होता. त्या डबीचं विचारत होत्या. मी म्हटलं, गोळ्या मीच दिल्यात, साखरेऐवजीच्या, आणि यांना खडे निघालेत. त्या म्हणाल्या, बरं झालं बाई, काळजी मिटली. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

शुक्रवारी संध्याकाळी. म्हणजे मावशी कचेरीतून घरी येऊन चपला काढत होत्या तेव्हा. उंबऱ्यावर बसल्या ते, डबे हुंगले ते, सुनेने पेला ओढून घेतला ते, सगळे त्यानंतरचे. काळजी मिटली होती. फक्त ज्यांची होती त्यांना वगळून.

साहेबांना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी आपल्या परीने मावशींना हसवावे म्हणून विचारले, "ते जाऊ द्या. या रविवारी काय पाहिलंत? कसा होता?"

मावशींनी त्यांच्याकडे पाहिले. खोलीत साहेब आणि वहिनींखेरीज कुणी नव्हते. तरी त्यांनी मागे वळून दार लागले आहे का ते पाहिले, आणि म्हणाल्या, "नाही पाहिला, साहेब."

दुसऱ्या दिवशी त्या कचेरीत हजर झाल्या, न बोलावता. मॅडमनी मान वर केली. "अरे हो, मावशी. ते मिटलंच होतं. तुम्हाला कळवायचं राहिलं."

कळवायचं राहिलं. हे वाक्य नीट पाहावे. ते व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. त्यात कळवणारा नाही, विसरणारा नाही. जणू कळवणे हे स्वतःच्या पायांनी निघाले आणि वाटेत कुठे राहून गेले. ज्या भाषेत 'औषध' या एका शब्दावरून बाईला दोषी ठरवता येते, त्याच भाषेत दोष असा कर्त्यावाचूनही मांडता येतो. शब्द तोलायचे ते फक्त चहावालीचे.

पॅन्ट्रीचे कुलूप काढले होते. शेगडी गेली होती. तिच्या जागी बटण दाबले की चहा ओकणारे यंत्र बसले होते, आणि ते पुसण्याचे काम मावशींना देण्यात आले होते. 'सर्वांच्या सोयीसाठी', असे मॅडम म्हणाल्या. ताई आल्या, मावशींचा हात हातात घेऊन उभ्या राहिल्या, त्यांचे डोळे भरले. "मी म्हटलं होतं हो त्यांना, पिक्चरचं होतं म्हणून." मावशींनी मान डोलावली. हात सोडवून घेतला नाही, दाबलाही नाही.

सोमवार आला. दवंडी कप घेऊन यंत्राशी उभा राहिला. त्याच्या मनात आकस नव्हता, तो तर केव्हाच दुसऱ्या बातमीकडे वळला होता.

"काय मावशी, काल कुठला? फक्कड मत ऐकू द्या एखादं. या मशीनच्या चहाला तेवढीच चव येईल."

"मला त्यातलं काही कळत नाही, दादा," मावशी म्हणाल्या आणि यंत्राची तोटी पुसू लागल्या.

घरी रविवारी टीव्ही लागतो. सून मुद्दाम बोलायला लावते. परवाच्या चित्रपटात एक माणूस घरातल्या सगळ्यांना फसवून पळून जातो. तो संपल्यावर ती म्हणाली, "आई, मला तर मुळीच पटला नाही. तुम्हाला?"

"बरा होता."

"बरा म्हणजे? भांडा की थोडं! त्यानं पळताना कपाट उघडं टाकलं, त्यावर काहीच म्हणायचं नाही तुम्हाला?"

मावशींच्या ओठांवर काहीतरी आले होते. सुनेला ते दिसले. पण त्या उठल्या, गॅलरीचे दार लावले, खिडकीचा पडदा ओढला आणि परत येऊन बसल्या. तरीही बोलल्या नाहीत. खाली रस्त्यावरून कुणी जात होते, त्याची पावले दूर जाईपर्यंत त्या ऐकत राहिल्या.

वाचकांकडे मागणी आहे ती अशी. तुमच्या कचेरीत, इमारतीत, दुकानात ज्या बाईला किंवा माणसाला तुम्ही हसत हसत मत विचारता, त्याचे मत जबानी म्हणून पुढे नेऊ नका. कानावर पडलेले वाक्य इतर कुणाला सांगण्याआधी, ज्याचे आहे त्याला विचारा, कशाबद्दल म्हणालात. आणि संशय फिटला असेल, तर तो फिटल्याचे पहिल्यांदा त्याच माणसाला कळवा. तुम्ही स्वतः जा, स्वतः बोला, आणि चारचौघांत बोला. ज्यांचे हे करायचे राहिले आहे, त्यांनी ते आज करावे.